जुने डॅनिश टेबल : शिक्का वाचण्यापासून पावसाळा काढण्यापर्यंत

१९५० आणि १९६० च्या दशकांत डेन्मार्कमध्ये बनलेली लिहिण्याची टेबले अधूनमधून मुंबईत नजरेस पडतात. कधी ती चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर इतर सामानाच्या ढिगाआड उभी असतात, कधी ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या गाळ्यांत, तर कधी एखाद्या जुन्या फ्लॅटची आवराआवर होताना अचानक पुढे येतात. अशा टेबलाचे सर्वांत मोठे नुकसान मात्र बहुधा विकत घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात होते. टेबल मळकट दिसते, माथ्यावर डाग असतात, म्हणून ते थेट पॉलिशवाल्याच्या हवाली केले जाते. टेबल कोणी रेखाटले, कोणी बनवले आणि ते कसे जोडले आहे, हे कळेपर्यंत त्यावर पॉलिश पेपर टेकवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय याच माहितीवर ठरतो.

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकले आहे. माझ्या पहिल्या डॅनिश टेबलाच्या माथ्यावर, उजव्या कोपऱ्यात, कुंडीच्या तळाएवढा काळा डाग होता. ज्या दुकानात मी ते पॉलिशला दिले, तिथल्या कारागिराने सँडर मशीन लावले. दहा मिनिटांत डाग गेला, पण त्यासोबत सागही गेला. तळहाताएवढ्या जागेत खालून फिकट, पिवळसर, आडव्या रेघांचे वेगळेच लाकूड वर आले. माथा भरीव सागवानाचा नव्हता. एक मिलिमीटरही जाडी नसलेल्या सागाच्या विनिअरखाली, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ पदराखाली, दुसऱ्या लाकडाचा गाभा होता. कारागिराने त्यावर तपकिरी रंग देऊन सारवासारव केली. आजही सकाळी खिडकीतून तिरके ऊन आले की ती जागा वेगळी उमटते.

शिक्का कुठे आणि कसा शोधावा

बनवणाऱ्याच्या नावाचा शिक्का शोधण्यासाठी टेबल जागेवर ठेवूनच सगळे खण बाहेर काढावेत आणि ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने त्यांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडे टाकावेत. हाताने बनवलेल्या टेबलात प्रत्येक खण आपापल्या जागेसाठी घासून बसवलेला असतो आणि अदलाबदल झाली की तो अडतो. मग टॉर्च घेऊन पुढील जागा पाहाव्यात: माथ्याची खालची बाजू, खणांच्या पेटीचा तळ, खणाच्या बाजूंची आतली भिंत, आणि माथ्याला धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांची आतली कड. शिक्का लोखंडाने डागलेला असेल तर तो लाकडात किंचित खोल गेलेला असतो आणि बोटाला लागतो. शाईचा असेल तर पुसट निळसर दिसतो. काही कारखाने धातूची छोटी चकती किंवा कागदी लेबल लावत. मळ साचलेला असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडावा, ओल्या फडक्याने मुळीच पुसू नये, कारण शाईचा शिक्का एका पुसण्यात जातो. टॉर्च समोरून मारण्यापेक्षा अगदी आडवी धरावी. उजेड घसरत गेला की डागलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि समोरून न दिसणारा मजकूर वाचता येतो.

शिक्का सापडल्यावर त्यात दोन नावे असू शकतात, हे ध्यानात ठेवावे. एक नाव बनवणाऱ्याचे आणि दुसरे रेखाटणाऱ्याचे. रेखाटणाऱ्याच्या नावाआधी बहुधा 'आर्किटेक्ट' असा शब्द असतो. तो इमारती बांधणाराच असतो असे नाही, फर्निचरची रचना करणाऱ्यालाही तिकडे तोच शब्द लावत. या जोडनावाच्या पद्धतीमागे एक मोठी परंपरा आहे. कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाने १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी प्रदर्शन भरवले आणि त्यात कुशल सुतार तरुण रचनाकारांसोबत जोडीने काम मांडत असत. रचनाकार कारे क्लिंट यांनी १९२४ मध्ये कोपनहेगनच्या कला अकादमीत फर्निचरचा स्वतंत्र विभाग सुरू केला होता. वस्तूत काय ठेवायचे आहे ते आधी मोजा आणि मग खण रेखाटा, ही त्यांची शिकवण होती. डॅनिश टेबलाच्या खणात कागद, पाकिटे, फाइली इतक्या नेमक्या बसतात, त्याचे मूळ तिथे आहे.

रचनाकारांमध्ये विक्रेते सर्वांत आधी पुढे करतात ते नाव हान्स वेग्नर यांचे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगते. त्यांचा जन्म १९१४ मध्ये ट्योन्डर या गावी, जोडे बनवणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. किशोरवयातच त्यांनी गावातल्या सुताराकडे उमेदवारी केली आणि रीतसर सुतार झाल्यावर मग कोपनहेगनला कलाशाळेत गेले. पुढे आर्ने याकोब्सन आणि एरिक म्योलर या वास्तुविशारदांकडे त्यांनी आऱ्हूस शहराच्या नगरभवनाचे फर्निचर केले आणि १९४३ मध्ये स्वतःचे काम सुरू केले. पाचशेहून अधिक खुर्च्या त्यांच्या नावावर आहेत. १९४९ ची त्यांची गोल पाठीची खुर्ची १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादसभेत वापरली गेली आणि जगभर पोचली. २००७ मध्ये ते वारले.

हा माणूस हातात रंधा धरून मोठा झाला होता, ही गोष्ट टेबल तपासणाऱ्याच्या थेट कामाची आहे. त्यांच्या टेबलात सजावट वेगळी लावलेली नसते. पाय आडव्या पट्टीला जिथे मिळतो ती जागा, पायाचा मध्यावर भरदार आणि टोकांकडे निमुळता होणारा घाट, माथ्याच्या कडेची अगदी हलकी उतरती धार, हीच तिथली सजावट. म्हणूनच सरसकट घासकाम त्यांच्या टेबलाला विशेष मारक ठरते. कडा अर्ध्या मिलिमीटरने जरी बोथट झाल्या तरी रेखाटणाऱ्याचा हात पुसला जातो. वेग्नर यांची टेबले प्रामुख्याने ओडेन्स शहरातल्या आंद्रेआस टुक यांच्या कारखान्यात बनत. त्याशिवाय कोपनहेगनचे कसलेले सुतार योहान्नेस हान्सन यांनीही त्यांची टेबले केली. १९५१ मध्ये पाच कारखान्यांनी वेग्नर यांचे फर्निचर विकण्यासाठी सालेस्को नावाची एकत्र संस्था काढली आणि कामाची वाटणी केली. त्यात कार्ल हान्सन यांच्याकडे खुर्च्या, टुककडे टेबले, रू म्योब्लरकडे कपाटे, आणि उरलेल्या दोघांकडे गादीच्या खुर्च्या व दिवाण होते. तेव्हा कोणी 'हे वेग्नरचे टेबल' म्हणाले, तर आधी टुक किंवा योहान्नेस हान्सन यांचा शिक्का मागावा. टुकच्या कित्येक टेबलांत ओकचे पाय आणि सागाचा माथा अशी दोन लाकडांची जोडी आढळते. ही जोडी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे, ते साफसफाईच्या भागात येईल.

इतर नावांची ओळख थोडक्यात पुरे. फिन युल (१९१२–१९८९) यांच्या कामात वरचा भाग खालच्या आधारापासून अलग, जणू तरंगता ठेवलेला असतो. त्यांचे विद्यार्थी आर्ने वोडर (१९२६–२००९) यांनी सिबास्त कारखान्यासाठी केलेल्या टेबलांत आणि कपाटांत खणांना मुठी नसतात, त्याऐवजी खणाच्या तोंडाचे लाकूडच वळणदार कोरून बोटांना जागा केलेली असते. बोऱ्ये मोगेन्सन (१९१४–१९७२) हे १९४२ पासून सहकारी भांडारांच्या फर्निचर विभागाचे प्रमुख होते. त्यांचे काम साधे, ओकचे आणि रोजच्या वापराचे. हे सगळे शिक्क्याला पर्याय नाहीत. शैली सारखी असणारी शेकडो टेबले त्या काळात अनामिक कारखान्यांत बनली आणि त्यांतलीही पुष्कळ उत्तम आहेत.

शिक्का नसेल तर

अशा वेळी बांधणीच वाचावी लागते. मुंबईत यात एक खास अडचण आहे. त्याच काळात इथल्या सुतारांनीही निमुळत्या पायांची, हलक्या बांध्याची टेबले सागवानात बनवली आणि वरवर पाहता ती डॅनिश वाटतात. दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये लार्सन अँड टुब्रो मुंबईतच स्थापन केली, त्यामुळे 'हे एका डॅनिश साहेबाच्या बंगल्यातले' ही कहाणी बाजारात ऐकायला मिळाली तर ती अशक्य नव्हे. पण कहाणी म्हणजे पुरावा नव्हे. जुने बिल, जहाजाच्या सामानाची चिठ्ठी किंवा त्या घरातला टेबलासह फोटो असेल तरच तिला वजन द्यावे.

माथ्याची कड पाहावी. वरची रेघ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची रेषा, कडेवरून वळून आडव्या छेदात संपताना दिसली, म्हणजे झाडाच्या वर्तुळांचे तुकडे कडेला दिसले, तर लाकूड भरीव आहे. कडेला लांबीच्या दिशेने जाणारी वेगळी पट्टी दिसली आणि माथ्याच्या खालच्या बाजूची रेघ वरच्याशी जुळली नाही, तर ते विनिअर आहे. डॅनिश कारखान्यांचे टेबल बहुतेक वेळा असेच असते: गाभा दुसऱ्या लाकडाचा किंवा बोर्डाचा, वर सागाचे विनिअर, कडेला भरीव सागाची पट्टी, आणि पाय भरीव. विनिअर म्हणजे हलका माल ही आपल्याकडची समजूत इथे बाजूला ठेवावी. एकाच ओंडक्यातून ओळीने काढलेल्या पातळ पदरांमुळे तीन खणांच्या तोंडांवर एकच रेघ वरून खालपर्यंत सलग वाहताना दिसते, आणि हे भरीव फळ्यांत साधणे फार कठीण आहे. मुंबईत बनलेल्या टेबलात याउलट भरपूर भरीव सागवान असते आणि वजन लगेच जाणवते.

खणाच्या बाजू पाहाव्यात. डॅनिश खणांच्या बाजू ओक, बीच किंवा महोगनीच्या पातळ फळ्यांच्या असतात, पुढच्या कोपऱ्यात पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत गुंतलेले डव्हटेल सांधे असतात आणि तळाला पातळ प्लाय खाचेत सरकवलेला असतो. टेबलाची मागची बाजूही पाहावी. यांतली बरीच टेबले खोलीच्या मधोमध ठेवण्यासाठी रेखाटलेली असल्यामुळे त्यांची पाठही पुढच्याइतकीच निगुतीने पूर्ण केलेली असते आणि काही टेबलांत तिथे पुस्तकांसाठी उघडा कप्पा असतो. कच्च्या प्लायची पाठ दिसली, तर ती नंतर बदललेली आहे का, हे विचारावे.

रोझवुडच्या टेबलाबाबत एक सावधगिरी हवी. ब्राझीलचे रोझवुड १९९२ पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण कुळावर त्या कराराची बंधने आली. परदेशातून असे टेबल मागवायचे किंवा बाहेर पाठवायचे असेल, तर कागदपत्रांची चौकशी पैसे देण्याआधी करावी.

विकत घेण्यापूर्वी किडीची पाहणी न चुकता करावी. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण बीचच्या बाजू, प्लायचे तळ आणि विनिअरखालचा गाभा हे किडीचे आवडते खाद्य आहे. खण उपडा करून पांढऱ्या कागदावर हलकेच ठोकावा. पिठासारखा ताजा, फिकट भुसा पडला तर कीड जिवंत आहे. भोके जुनी, काळपट असतील आणि काही पडत नसेल तर ती बहुधा गेलेली आहे. जिवंत कीड असलेले टेबल घरात आणण्यापूर्वीच पेस्ट कंट्रोलवाल्याकडून सिरिंजने भोकांत औषध भरून घ्यावे आणि माथ्यावर फवारणी करू देऊ नये.

वरचा लेप कोणता, हे ठरवणे

डेन्मार्कमध्ये सागाला बहुधा तेल दिलेले असे, काही टेबलांना लॅकर असे. पण मुंबईत चाळीस-पन्नास वर्षे राहिलेल्या टेबलावर मध्ये कधीतरी लाखेचे फ्रेंच पॉलिश चढलेले असण्याचा दाट संभव असतो. ओळखण्यासाठी पायाच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर कापसाच्या काडीने पॉलिशचे स्पिरिट लावावे आणि मिनिटभर थांबावे. लेप चिकट झाला तर ती लाख आहे. स्पिरिटने काही झाले नाही आणि थिनरने मऊ पडला तर लॅकर आहे. दोन्हींनी काही झाले नाही, आणि पाण्याचा थेंब हळूहळू लाकडात मुरला, तर तेल आहे आणि तेही सुकत आलेले आहे. पाण्याचा थेंब मण्यासारखा तसाच राहिला आणि थिनरनेही काही झाले नाही, तर अलीकडचे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असू शकते. ते काढणे नवख्याचे काम नव्हे.

साफसफाई आणि डाग

साफसफाई नेहमी सौम्यापासून सुरू करावी. कोरडे फडके, मग कोमट पाण्यात दोन थेंब साबण घालून घट्ट पिळलेले फडके, लगेच कोरडे पुसणे, आणि एक दिवस विश्रांती. पुष्कळ टेबले एवढ्यानेच उजळतात. त्यानंतरही चिकटपणा राहिला, तर तो जुन्या मेणाचा आणि धुळीचा थर असतो. तेल दिलेल्या लाकडावरचा असा थर टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या फडक्याने, रेघेच्या दिशेने, खिडक्या उघड्या ठेवून काढावा. सागाच्या भागावर अगदी बारीक, चार शून्यांचे स्टील वूल टर्पेंटाईनसोबत हलक्या हाताने चालते. आता वर उल्लेखलेली ओकच्या पायांची गोष्ट: ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य असते, आणि लोखंडाचा कण व पाणी एकत्र आले की ओक शाईसारखा काळा पडतो. म्हणून ओकवर स्टील वूल वापरूच नये, नायलॉनचा पांढरा पॅड वापरावा. माथ्यावरून उडालेले लोखंडाचे बारीक कणही पायांवर पडू देऊ नयेत.

डाग पांढरा असेल तर तो बहुधा लेपातच अडकलेला ओलावा असतो, लाकूड शाबूत असते. थोडे मेण लावून मऊ कापडाने चोळत राहिले की तो बराचसा विरतो. काळा डाग मात्र लाकडापर्यंत पोचलेला असतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालते, आणि माझ्या पहिल्या टेबलाला खरे तर घासकामाऐवजी हेच हवे होते. प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत ते मिळते. ते विषारी आहे, त्यामुळे रबरी मोजे आणि मास्क लावावा, मुलांना दूर ठेवावे आणि स्वयंपाकघरातले भांडे वापरू नये. कपभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा विरघळवून, आधी वरचा लेप काढलेल्या जागेवर ब्रशने लावावे. ठिपका उठू नये म्हणून फक्त डागावर न लावता कडेपासून कडेपर्यंत हलका हात फिरवावा. वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसावे. सुकल्यावर उरलेली पांढरी पूड नाकात जाऊ देऊ नये. एका वेळेत डाग फिका झाला तरी समाधान मानावे आणि दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी करावी.

सुटलेले विनिअर

कडेला विनिअर उचलले असेल तर ते ओढून पाहण्याचा मोह आवरावा. नखाने हलकेच टकटक करत गेल्यास पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो, तिथे पेन्सिलीने सीमा आखावी. जुना सरस असेल तर ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री टेकवल्यावर तो पुन्हा धरू शकतो. कारखान्यातला रासायनिक गोंद असेल तर तो पुन्हा मऊ होत नाही. तेव्हा सिरिंजने आत पांढरे फेविकॉल सोडावे, वर बटर पेपर, त्यावर सपाट फळी, आणि त्यावर शिकंजा किंवा पुस्तकांचा भार चोवीस तास ठेवावा. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून नव्या तुकड्याची पाठ चिकटवण्यापूर्वी थिनरने पुसावी.

तुकडाच गेलेला असेल तर ठिगळ चौकोनी कापू नये. रेघेला आडवी जाणारी सरळ फट डोळ्याला चटकन दिसते. होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता तुकडा रेघेत मिसळतो. आज बाजारात मिळणारे सागाचे विनिअर जुन्यापेक्षा पातळ असते, तेव्हा खाली एक पदर घालून उंची जुळवावी लागते. हे काम करणारा कारागीर निवडताना मी एकच प्रश्न विचारते: आधी काय कराल? पुष्कळांचे उत्तर 'घासून घेऊ' असे येते. मालवणकडच्या एका वयस्क सुतारकाकांनी मात्र खिशातला चष्मा काढून माथ्याची कड नखाने तपासली आणि म्हणाले, "बाय, ह्याच्या अंगावर कागद नाय लावूचो. हो पापुद्रो आसा." माझी पुढची सगळी टेबले त्यांनीच केली.

अडणारे खण आणि मुंबईचा पाऊस

जून संपता संपता खण अडायला लागतात आणि जुलैत एखादा उघडतच नाही. त्या वेळी सुताराला बोलावून खण रंध्याखाली देणे ही दुसरी मोठी चूक. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि फुगते, पण ते लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगते. म्हणजे खण लांबीला नव्हे तर उंचीला वाढतो. त्यातही सागापेक्षा बीच जवळपास दुप्पट हलते, आणि नेमक्या खणाच्या बाजू बीचच्या असतात. बारा सेंटिमीटर उंचीच्या बीचच्या फळीत ओलाव्याचे प्रमाण पाच टक्क्यांनी वाढले, तर ती दोन मिलिमीटरच्या आसपास वाढू शकते, आणि वर सोडलेली फट बहुधा त्याहून लहानच असते. जुलैत दोन मिलिमीटर रंधून काढले की जानेवारीत खण खडखडतो, तोंड खाली झुकते आणि डव्हटेलवर ताण येतो. तो तासलेला भाग परत येत नाही.

अडलेला खण ओढू नये. खालचा किंवा वरचा खण निघत असेल तर तो काढून, आत हात घालून अडलेल्या खणाला मागून सरळ ढकलावे. खण बाहेर आल्यावर पंख्याखाली दोन दिवस उभा ठेवावा आणि सरकण्याच्या पट्ट्यांवर, तसेच बाजूंच्या वरच्या-खालच्या कडांवर साधी पांढरी मेणबत्ती चांगली घासावी. तेल लावू नये, ते चिकट होते आणि धूळ धरते. खणातले वजन पावसाळ्यापुरते अर्धे करावे. कोणत्या खणाची कोणती जागा चकचकीत घासली गेली आहे हे पाहून पेन्सिलीने खूण करून ठेवावी. डिसेंबरातही तोच खण तिथेच अडत असेल तरच बारीक पॉलिश पेपर फळीच्या तुकड्याभोवती गुंडाळून, केवळ त्या चकचकीत जागेवर दोन-चार हात मारावेत.

टेबल ठेवण्याच्या जागेविषयी: पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत टाळावी, आणि कोणत्याही भिंतीपासून निदान चार बोटे अंतर ठेवावे, म्हणजे मागे हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. एसीचा झोत थेट माथ्यावर नको. दिवसा दमट आणि रात्री एकदम कोरडी हवा असा रोजचा झोका विनिअरला पावसापेक्षाही जास्त बाधतो. ऊन पडत असेल तर टेबलावरच्या वस्तू अधूनमधून हलवाव्यात, नाहीतर लॅपटॉपचा किंवा वहीचा आकार माथ्यावर उमटून राहतो. आणि मुंबईच्या घरात रोज लादी पुसली जाते, त्या ओल्या फडक्याचे पाणी पायांच्या आडव्या छेदातून स्पंजासारखे वर चढते. जुन्या टेबलांचे पाय खालून बोटभर काळे पडलेले दिसतात ते यामुळेच. पायांखाली नायलॉनची छोटी बटणे ठोकावीत आणि पायाच्या तळाला मेण चोळावे. लादी पुसणाऱ्या ताईंना त्या चार जागा कोरड्या फडक्याने पुसायला सांगावे.

तेल देणे

तेल देण्याचे काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करावे. पावसाळ्यात दिलेले तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहते. खोबरेल, शेंगदाणा वगैरे स्वयंपाकाची तेले देऊ नयेत. ती सुकत नाहीत, खवट होतात आणि धूळ धरतात. कच्चे जवसाचे तेलही नको. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल, त्यात निम्मे टर्पेंटाईन मिसळून, फडक्याने पातळ लावावे, वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून काढावे, आणि एक-दोन दिवसांनी दुसरा हात द्यावा. तिसऱ्याची गरज क्वचितच पडते. जवसाच्या तेलाचे फडके बोळा करून कधीही टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती अडकून फडके आपोआप पेट घेते. ते बाल्कनीत पसरून पूर्ण कडक होऊ द्यावे किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावे. लाख किंवा लॅकर असलेल्या टेबलाला तेल देऊन काही साधत नाही. तिथे वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात आणि मऊ कापडाची चकाकी पुरे.

शेवटचे काम नोंदीचे. शिक्क्याचा आडव्या उजेडात काढलेला फोटो छापून घ्यावा, त्यासोबत एका कागदावर टेबल कुठून आणि कोणत्या वर्षी आले, कोणता लेप सापडला, कोणत्या जागी ठिगळ आहे, कोणता गोंद वापरला आणि तेल कधी दिले, हे तारखांसह लिहावे, आणि ते पाकीट वरच्या खणाच्या तळाशी, न चिकटवता, मोकळे ठेवावे. किल्ली असेल तर तिची दुसरी प्रतही त्याच पाकिटात ठेवू नये, ती घरात वेगळ्या जागी असावी. खणाच्या मागे टाकलेले पेन्सिलीचे आकडे पुसू नयेत.